शंकाराव पाचोळा पुरवतात

मुलीने जेवताना सांगितलं, "बाबा, मला एक मुलगा आवडलाय," तेव्हा शंकारावांच्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडला तो म्हणजे, "पुरावा?"

त्यांचा तरी काय दोष? सगळी हयात विमा कंपनीत लोकांचे नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात गेली. जळून कोळसा झालेल्या दुकानासमोर मालक ऊर बडवत असायचा आणि हे शांतपणे विचारायचे, "गल्ला तेवढा बरा वाचला?" शंकाराव हे नाव कचेरीतल्या लोकांनी त्यांच्या माघारी ठेवलं होतं. पण माघारी काय चाललंय ते हुडकून काढणं हाच ज्याचा पेशा, त्याच्यापासून ते कितीसं लपणार? पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं. एवढंच नव्हे, कोणी ठेवलं तेही कळलं. निवृत्त झाल्यावर तपासायला दावे उरले नाहीत, आणि तेव्हापासून घरातल्यांचे हाल सुरू झाले.

मुलगी दातांची डॉक्टर. तो मुलगा तिच्याकडे अक्कलदाढ दुखते म्हणून आला होता. दाढ निघाली, सूज उतरली, तरी तो येतच राहिला.

"दाढ गेली म्हणतेस, मग येतो कशाला?"

"तेच तर सांगतेय ना बाबा."

"करतो काय?"

"गावाबाहेर तो प्रकल्प नाही का? पालापाचोळा, भुसा, लाकडाचा चुरा जाळून वीज तयार करतात. तिथे पाळीप्रमुख आहे. इंजिनिअर आहे."

"म्हणजे कचरा जाळतो."

"कचरा नाही बाबा, जैवइंधन."

"रस्त्यावर पडलेलं असतं तेव्हा त्याला काय म्हणतात?"

मुलीने ताट उचललं आणि ती आत गेली. बायको म्हणाली, "मला तर बाई बरा वाटला मुलगा."

"तू कधी बघितलास?"

बायकोने घाईघाईने मोठा घास तोंडात कोंबला. तोंड भरलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही, हे तीस वर्षांच्या संसारात ती शिकली होती.

दुसऱ्या दिवशी शंकारावांनी समोरच्या दारातल्या बँकवाल्यांना विश्वासात घेतलं. बँकवाले म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. जगातल्या यच्चयावत विषयांवर त्यांच्याकडे आतली बातमी असे आणि ती सगळी त्यांच्या साडूकडून येत असे. हा साडू आजवर कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

"पाचोळ्याचा कारखाना?" बँकवाल्यांनी आवाज खाली आणला. जिन्यात दुसरं कोणी नव्हतं, पण आतली बातमी मोठ्याने सांगितली की बाहेरची होते. "अहो, तिथे सगळा ओल्यासुक्याचा खेळ आहे. माझा साडू सांगत होता. माल सुकाच पाहिजे, असा नियम. ओला माल जळत नाही, नुसता धूर होतो, बॉयलर बसतो. म्हणून गेटवरच ओलावा तपासतात. आता पुरवठादाराचा माल ओला निघाला तर तो काय करेल?"

"वाळवेल."

"तुम्ही फारच भोळे हो!" हा शब्द शंकारावांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी लावला. "तो पाळीप्रमुखाला गाठतो. मग तोच माल सुका होतो. कागदावर! अहो, पाळीप्रमुख म्हणजे तिथला राजा."

"पाळीप्रमुखच?" शंकारावांच्या छातीत धस्स झालं. आता खरं सांगायचं तर त्या धस्समध्ये थोडा आनंदही होता. किती दिवसांनी हाताला काम लागलं होतं!

ते तडक प्रकल्पाच्या गेटवर जाऊन थडकले. आत एक उंच चिमणी, पत्र्याचं अवाढव्य कोठार आणि भुशाचे डोंगर. रखवालदाराने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"काय काम आहे?"

"जरा बघायचं होतं."

"बघायला सोडत नाहीत. नियम आहे. आत फक्त पुरवठादार जातात, नाहीतर शाळेची सहल." त्याने शंकारावांना पुन्हा एकदा न्याहाळलं. "सहलीतले आहात का?"

विभागीय तपास अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचं! शंकाराव ताठ झाले आणि म्हणाले, "पुरवठादार आहे मी."

"कशाचे?"

शंकारावांनी इकडेतिकडे पाहिलं. कुंपणाशी वाळकी पानं पडली होती. "पाचोळ्याचे," ते म्हणाले, आणि इथून पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दाने झालं.

कारण पुरवठादार व्हायचं म्हणजे माल आणायला हवा, आणि एका टेंपोपेक्षा कमी माल काट्यावर घेतच नाहीत, असाही नियम. शंकाराव सकाळी झाडू आणि पोती घेऊन रस्त्यावर उतरले. पहिल्याच झाडाखाली झाडूवाली बाई आडवी आली. "साहेब, माझी कोणी तक्रार केलीय का? मी रोज झाडते हो." तिची समजूत घालेपर्यंत कुत्रं फिरवायला निघालेल्या एक बाई थांबल्या. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, शंकारावांकडे पाहिलं आणि हळहळून विचारलं, "पेन्शन थांबलं का हो तुमचं?" चौथ्या झाडापर्यंत निम्म्या वस्तीला त्यांच्या पेन्शनची काळजी लागली होती. बँकवाले गॅलरीतून हातवारे करून दिशा दाखवत होते. खाली मात्र ते आले नाहीत. पाठीचा मणका त्यांना वाकू देत नाही, असं साडूने सांगितलं होतं.

पोती भरली, टेंपो ठरवला. टेंपोवाला मितभाषी होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "पैसे देऊन पाचोळा न्यायचा?" आणि उत्तर ऐकल्यावर वाटभर आरशातून तो त्यांच्यावर लक्ष ठेवून होता.

प्रकल्पात शिरताच त्यांना एका खोलीत बसवण्यात आलं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात चमकपट्ट्यांचं जाकीट, आणि समोर सुरक्षा शिकवणाऱ्या बाई. शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसं त्या शिकवत होत्या. आगकाडी, विडी, सिगारेट गेटवर. मोबाईल बंद. मालात दगड, प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूड चालणार नाही. परत पाठवलेला माल पुरवठादाराने त्याच दिवशी घेऊन जायचा, वाटेत टाकून द्यायचा नाही. भोंगा वाजला की सगळ्यांनी हिरव्या पाटीखाली जमायचं, आणि मोजणी पुरी होईपर्यंत कोणी हलायचं नाही. "कळलं का काका?" त्या म्हणाल्या. शंकारावांना सगळं कळलं होतं. नियम इतके चोख आहेत म्हणजे आत नक्की घोळ असणार, हेही कळलं होतं.

आणि मग तो आला. काटकुळा, जाड भिंगांचा चष्मा, 'पाळीप्रमुख' लिहिलेलं हेल्मेट भुवयांपर्यंत उतरलेलं. ह्याच्यावर आपली मुलगी भाळली? शंकारावांनी पहिला संशय दाताच्या औषधांच्या वासावर घेतला. मुलाने हातातली लांब सळई पोत्यात खुपसली. सळईच्या टोकाला एक छोटं यंत्र होतं. त्यातला आकडा पाहून त्याने मान हलवली.

"काका, ओलावा फार आहे. नियमाच्या दुप्पट." मग त्याने पोत्यात हात घातला आणि एक लहान मुलाची चप्पल बाहेर काढली. "आणि ही पण आहे."

शंकाराव ह्याच घटकेची वाट पाहत होते. त्यांनी त्याला टेंपोच्या आडोशाला घेतलं आणि डोळे बारीक करून कुजबुजले, "काही होऊ शकतं का?"

"हो, होऊ शकतं ना."

शंकाराव आणखी जवळ सरकले. "काय?"

"उन्हात वाळवा. अधूनमधून खालवर करत राहा, नाहीतर खालची पानं ओलीच राहतात."

"तसं नाही. म्हणजे... तुम्हाला काही हवं असेल तर..."

"मला?" मुलाने विचार केला. "पुढच्या वेळी तेवढी चप्पल नको."

घरी आल्यावर बँकवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खेदाने मान हलवली. "त्याने तुमचा आकार ओळखला. किरकोळ माणसाकडून कोण घेतं हो? तो मोठ्यांकडून घेत असणार."

किरकोळ! हा शब्द शंकारावांच्या काळजात रुतला. बेइमानीसाठीसुद्धा आपण कमी पडलो, ही जखम काही वेगळीच असते. आता माघार नाही. माल सुकवायचा, पुन्हा आत शिरायचं आणि त्याला रंगेहाथ पकडायचं.

गच्चीला कुलूप होतं आणि किल्लीवाले गावाला गेले होते. मग पाचोळा घरात आला. हॉलमध्ये, पॅसेजमध्ये, पलंगाखाली, सोफ्यावर. पंखे सगळे पाचवर. पानं खोलीभर भिरभिरू लागली, त्यांच्याबरोबर मुंगळे आणि एक गोगलगायही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "अहो, हे काय?" आणि उत्तर मिळायच्या आत ती दार लावून आत निघून गेली.

संध्याकाळी मुलगी आली, ती घोटाभर पानांतून कुरकुर आवाज करत.

"बाबा, हे काय चाललंय?"

"बागकाम."

"आपल्याला बाग कुठेय?"

"म्हणून तर घरात करतोय."

मुलीने जरा वेळ त्यांच्याकडे रोखून पाहिलं. शंकारावांना ती नजर ओळखीची वाटली. दावेदारांकडे ते स्वतः असेच पाहत असत. पुढच्या दिवसांत त्यांनी पानं खालवर केली, उलथन्याने पसरली, खिडकीतलं ऊन सरकेल तशी सरकवली. एका दुपारी बायकोने त्यांना मुलीच्या केस वाळवायच्या यंत्राने एकेका पानाला वारा घालताना पाहिलं आणि माहेरी फोन लावला.

दुसऱ्या खेपेला मुलाने सळई खुपसली, यंत्राकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"काका, एवढा सुका पाचोळा आजवर इथे कोणी आणला नाही! कसा वाळवलात?"

"पद्धत आहे एक," शंकाराव म्हणाले, आणि त्यांची छाती फुगली. आपण इथे कशासाठी आलोत, हे ते चक्क विसरले. "प्रत्येक पानाकडे लक्ष द्यावं लागतं," असंही ते म्हणाले. मग आठवलं, तेव्हा स्वतःचाच राग आला. मुलगा चलाख दिसतो, गोड बोलून माणूस विरघळवतो.

टेंपो कोठारात उतरवण्याच्या रांगेत लागला. तेवढ्यात एक भलामोठा ट्रक आला आणि शंकारावांनी कान टवकारले. मोठा पुरवठादार! मुलगा ट्रकवाल्याला घेऊन कोठाराच्या कोपऱ्यात गेला. माल भट्टीकडे नेणारा पट्टा जिथून सुरू होतो, त्याच्या तोंडाशी दोघे उभे राहिले. ट्रकवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. निदान शंकारावांना तरी तसं वाटलं. आणि त्याने मुलाच्या हातात एक फुगीर, तोंड बांधलेली पिशवी दिली!

सापडला! शंकाराव पोत्यांमागून वाकून पुढे सरकले. बंद ठेवलेला मोबाईल त्यांनी चालू केला, पट्ट्याच्या तोंडाशी हात लांबवला आणि फोटो काढला. कोठारात उजेड कमी, त्यामुळे मोबाईलने आपल्या मनाने लख्खकन दिवा मारला.

आता झालं होतं असं की, पट्ट्याच्या तोंडाशी ठिणगी ओळखणारा एक यांत्रिक डोळा बसवलेला होता. वाळक्या पाचोळ्यात एक ठिणगी पडली तर सगळं कोठार भडकेल, म्हणून तो डोळा रात्रंदिवस ठिणगीची वाट पाहत असे. संशयी स्वभावात तो शंकारावांच्या तोडीचा. त्याने लख्ख प्रकाश पाहिला आणि जराही चौकशी न करता निकाल दिला. पट्टा थांबला. भोंगा बोंबलला. आणि छतातल्या झाडून साऱ्या नळ्यांमधून पाणी कोसळलं, शंकारावांवर, मोबाईलवर आणि टेंपोतल्या त्या एकेक पान वाळवलेल्या पाचोळ्यावर.

सगळे हिरव्या पाटीकडे धावले. शंकाराव मात्र धावले नाहीत. भोंगा आत्ताच कसा वाजला? पुरावा नष्ट करायला! पळापळीत मुलाच्या हातून सुटलेली ती पिशवी ओल्या जमिनीवर तशीच पडली होती. शंकारावांनी तिच्यावर बैठक मारली आणि ते पोत्यांच्या आड निथळत बसून राहिले.

बाहेर मोजणी चालली होती. एक माणूस कमी. पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. माणूस सापडेपर्यंत भट्टीत मूठभरही माल टाकायचा नाही, हा नियम. वाफ उतरली, वीजनिर्मिती थांबली. मग ध्वनिवर्धकावर सुरक्षा बाईंचा आवाज घुमला, "पाचोळ्याचे काका! कुठे असाल तिथून आवाज द्या! घाबरू नका!" घाबरू नका! शंकारावांनी दातओठ खाल्ले.

शेवटी मुलगाच त्यांना शोधत आत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काका! लागलं का कुठे? श्वास नीट घेता येतोय ना?"

"ते राहू दे. आधी ही पिशवी उघड."

"कुठली?"

शंकाराव उठले आणि त्यांनी पिशवी विजयी मुद्रेने पुढे केली. मुलाने गोंधळून गाठ सोडली. आत लाकडाचा चुरा होता. पुन्हा खाली हात घातला, खालीही चुराच.

"नमुना आहे काका. प्रत्येक ट्रकमधला थोडा माल दोघांसमोर बांधून ठेवायचा. एक पिशवी आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. उद्या कोणी म्हणालं, माझा माल सुका होता, तर सांगणार काय?"

शंकारावांनी पिशवीत स्वतः हात घालून पाहिला. नियम इतका चांगला होता की तो आपल्याला कधी कसा सुचला नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं.

प्रथमोपचाराच्या खोलीत त्यांना चादरीत गुंडाळून बसवलं. मोबाईलमधून पाणी ठिबकत होतं. मुलाने स्वतःचा फोन काढला. "घरी कळवायला हवं. नंबर सांगा कोणाचा तरी."

पाठ असलेला नंबर एकच होता. शंकारावांनी टाळाटाळ केली, शिंक दिली, दोन आकडे चुकीचे सांगावेत असाही विचार केला. पण मुलगा फोन धरून उभाच. शेवटी ते एकेक आकडा सांगू लागले. अर्ध्यावर आल्यावर मुलाची बोटं थबकली. पुढचे आकडे न सांगताच फोनने नाव पुढे केलं होतं. शंकारावांनी मान उंचावून पडद्यावर डोकावून पाहिलं. 'डॉक्टर दाढ' असं लिहिलं होतं.

पलीकडून मुलीचा आवाज आला, "अरे, पेशंट तोंड उघडून बसलाय, पटकन बोल."

"एक पुरवठादार काका आहेत इथे. भिजलेत जरा. पण ते तुझा नंबर..."

पलीकडे एक अवजार ताटलीत ठेवल्याचा आवाज झाला.

"पाचोळ्याचे का?" मुलगी म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"आमच्या सोफ्याखाली अजून आहे."

मुलाने हळूच फोन खाली ठेवला. शंकारावांनी चादर अंगाभोवती आवळली आणि मनात म्हटलं, आता हा पाघळणार. आता खुर्ची येणार, कोरडे कपडे येणार, भिजलेला माल गुपचूप सुक्यात जमा होणार. इथेच तर माणूस कळतो. मुलगा उभा राहिला. त्याने हेल्मेट सरळ केलं.

"काका, दोन गोष्टी आहेत. तुमचा माल भिजलाय, तो आज परत न्यावा लागेल. आणि कोठारात मोबाईल वापरलात, म्हणून तुम्हाला महिनाभर आत येता येणार नाही."

"मी कोण आहे ते कळलं ना तुला?"

"कळलं," मुलगा म्हणाला. "म्हणून तर हात कापतायत."

खरंच कापत होते. पण शब्द काही मागे घेतला नाही.

संध्याकाळी पाळी संपल्यावर तो टेंपोबरोबर स्वतः घरी आला. टेंपोवाल्याने पोत्यांना हात लावायला नकार दिला होता. भिजून पोती दुप्पट जड झाली होती. मुलाने ती एकेक करून जिन्याने वर आणली, आणि पानं कुजू नयेत म्हणून हॉलमध्ये पसरून दिली. बँकवाल्यांनी दार किलकिलं करून पाहिलं आणि लगेच लावून घेतलं. मुलगी कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. बायकोने चहा दिला. शंकाराव खुर्चीत बसून शिंकत होते आणि मुलाकडे टक लावून पाहत होते. माणूस इतका सरळ असू शकतो? आजवरच्या एकाही दाव्यात असा माणूस आढळला नव्हता. काहीतरी असणारच.

"खरं सांग," ते अचानक म्हणाले. "काय लपवतोयस?"

"बाबा!" मुलगी ओरडली.

पण मुलाने कप खाली ठेवला. त्याने मान खाली घातली.

"सांगायला हवं होतं आधीच," तो म्हणाला. "माझी आई... डॉक्टरांच्या दवाखान्यात तीनदा येऊन गेली. दात दाखवायला."

"त्यात काय?" मुलगी म्हणाली.

"तिच्या दातांना काही झालेलं नाही. कधीच नाही. ती बघायला आली होती की, तू खोटं दुखणं सांगून पैसे काढतेस का. दुखतंय, दुखतंय म्हणून ती नुसती ओरडत होती."

"त्या निळ्या पर्सवाल्या बाई?" मुलगी थक्क झाली. "मी त्यांना दर वेळी सांगितलं, दात ठणठणीत आहेत, घरी जा. फीसुद्धा घेतली नाही."

"हो. म्हणून ती खूश आहे."

शंकाराव खुर्चीतून उठले. त्यांच्या मुलीची चौकशी? ओळख लपवून, खोटं दुखणं घेऊन? त्यांच्या घराण्यावर संशय? बायकोने धास्तावून त्यांच्या बाहीला हात घातला.

"तीनदा का?" शंकारावांनी करड्या आवाजात विचारलं. "पहिल्यांदाच कळलं होतं ना?"

"पहिल्यांदा कोणीही खरं बोलतं, असं तिचं म्हणणं. दुसऱ्यांदा ओळख झालेली असते म्हणून बोलतं. तिसऱ्यांदा माणूस कंटाळतो, तेव्हा काय ते कळतं."

शंकाराव हळूहळू पुन्हा खुर्चीत टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जे बायकोने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तिसऱ्यांदा कंटाळतो," ते स्वतःशीच पुटपुटले. "अगदी बरोबर आहे. मीही तिसऱ्यांदा गेलो असतो." मग ते बायकोकडे वळले. "अगं, ऐकलंस का? किती रीतसर माणसं आहेत! ह्याच्या आईंना बोलाव घरी. उद्याच बोलाव."

मुलगा पुन्हा अस्वस्थ झाला. "ती येईल काका. फक्त, ती कोणाकडे सांगून जात नाही. अचानक जाते."

"मग जायलाच हवं अचानक!" शंकारावांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. "सांगून गेलेल्या माणसाला काय दिसणार, डोंबल!"

बायकोने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा हॉलभर पसरलेल्या ओल्या पाचोळ्याकडे पाहिलं, आणि झाडू आणायला आत धावली.